चौसष्ट मीटर

आमच्या मैदानावरचा राउंड 384 मीटरचा होता. नऊ महिने मी तो 400 चा समजत होतो आणि दहा-बारा पोरांनाही तसंच सांगत होतो. ती रेघ माझ्याच हातची.

अंजनगाव सुर्जीत माझं कृषी केंद्र आहे. वय 44. सहा वर्षं मी पहाटे एकटाच पळायचो. कधी दर्यापूर रोडनं, कधी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या बाजूनं, पानपिंपळीच्या मळ्यांपर्यंत जाऊन परत. हाफ मॅरेथॉनला 1 तास 52 मिनिटं लागायची, ती मला 1:45 वर आणायची होती. म्हणजे 21 किलोमीटर, प्रत्येक पाच मिनिटांच्या आत. रस्त्यावर नुसतं पळून हे होईना, तेव्हा ट्रॅकवरच्या सरावाबद्दल वाचायला लागलो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकणारा एमिल झाटोपेक 400 मीटरचे तुकडे पुन्हा पुन्हा पळत असे. त्यामागचा विचार सरळ आहे. सलग पळताना जो वेग दहा-पंधरा मिनिटांत माणसाला संपवतो, तोच वेग मध्ये दम घेत घेत पळला, तर एकूण जास्त वेळ टिकवता येतो. हृदय आणि फुप्फुसं त्या वेगाला सरावतात.

रोज अमरावतीला जाऊन ट्रॅकवर पळणं दुकानामुळं शक्य नव्हतं. 2023 च्या दसऱ्यानंतर मी इथल्याच एका मैदानावर फक्कीनं ट्रॅक आखला. हातात घड्याळ होतं, अंतर दाखवणारं. ते लावून मी मैदानाच्या कडेनं चाललो, 0.40 दिसलं तिथं पहिल्या रेघेला मिळालो आणि झालं म्हणालो. टेप घ्यायला हवी होती. समोरच बांधकाम चालू होतं, मिस्त्री ओळखीचा होता, मागितली असती तर लगेच मिळाली असती. उपग्रहावरून अंतर धरणारं घड्याळ वळणावर आणि झाडांखाली चुकतं, हे मी वाचलंही होतं. पण आकडा हवा तो दिसत होता, म्हणून मी तपासलं नाही.

त्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं आधीपासून पळायची. भरतीत 1600 मीटरला 20 गुण असतात आणि पूर्ण 20 हवे असतील, तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. रेघ दिसल्यावर पोरं तिच्यावर आली. माझ्या हातात घड्याळ, म्हणून वेळ मीच सांगायचो. चार राउंड म्हणजे 1600, हे कोणी मला विचारलं नाही, मीच सांगितलं.

आता माझ्या स्वतःच्या सरावाबद्दल. 1:45 ची हाफ पळू पाहणाऱ्यानं 400 मीटर साधारण 1 मिनिट 50 सेकंदांत पळावेत, मध्ये हळू धावून दम घ्यावा आणि दहावा तुकडा पहिल्याइतकाच जावा. मी 1:32 नं पळत होतो. शेजारून विशी-बाविशीतली पोरं जायची आणि मला त्यांच्या मागं राहवायचं नाही. पहिले तीन राउंड त्यांच्यासोबत, सहाव्यापर्यंत छाती फाटायची, दहावा 1:55 वर. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचो आणि आज चांगली मेहनत झाली, असं स्वतःला सांगायचो. आठवड्यातून दोनदा हेच. जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकांचा ठोकताळा असा, की एका वेळच्या सरावात असे वेगवान तुकडे आठवड्याच्या एकूण अंतराच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. माझं एकूण अंतर 32 किलोमीटर, म्हणजे एका वेळी अडीच किलोमीटर पुरे होते. मी दर वेळी चार करत होतो. दुकानात दिवसभर मी लोकांना बजावतो, की पंपाला सांगितलंय तेवढंच औषध टाका, दुप्पट टाकलं तर पीक जळेल. ते सांगताना माझ्या स्वतःच्या टाचेवरची शीर सुजलेली होती.

जानेवारीत हाफ 1:56 ला संपली. सहा वर्षांत इतकी वाईट कधीच गेली नव्हती. पंधराव्या किलोमीटरनंतर डाव्या पायावर भार देता येईना. ट्रॅकवर कायम डावीकडंच वळायचं असतं, त्यामुळं आधीच दुखरा तो पाय जास्त ओढला गेला असावा. तरी फेब्रुवारीत मी परत रेघेवर होतो. विश्रांती घेणं मला हार मानल्यासारखं वाटायचं. रॉजर बॅनिस्टर 1954 मध्ये चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस ठरला. त्याआधी त्याचा 440 यार्डांचा सराव 61 सेकंदांवर अडकला होता. तेव्हा तो काही दिवस पळणं सोडून स्कॉटलंडच्या डोंगरात चढाईला गेला आणि परत आल्यावर 59 सेकंदांवर आला. ही गोष्ट मला माहीत होती. पोरांना मी ती सांगितलीही होती.

पोरांतला एक मेहनती होता. नाव देत नाही. त्याचे वडील माझ्या दुकानातून कपाशीचं बियाणं नेतात. ऑक्टोबरमध्ये त्याला चार राउंडला 5:50 लागायचे. उन्हाळ्यात तो साडेचारलाच मैदानावर यायचा, कारण साडेसहानंतर आमच्याकडं उभंही राहवत नाही. मे संपता संपता तो 5:04 वर आला. त्या दिवशी मी त्याला पेढा दिला आणि म्हणालो, "तुझे वीसपैकी वीस पक्के."

जूनमध्ये त्याची मैदानी चाचणी झाली. वेळ आली 5:17. दोन गुण गेले, आणि यादीत त्याचं नाव आलं नाही.

मैदानावर येऊन तो म्हणाला, "काका, मले वाटलं माह्याच पायात जोर नाही. तिसऱ्या राउंडलेच समजलं का आज होत नाही."

मी त्याला म्हणालो, "घाबरला असशील. मनानं कच्चा पडलास." हे वाक्य मला परत घेता आलं असतं, तर मी माझे सगळे मेडल देऊन टाकले असते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मैदानावर अविनाश साबळेचीच चर्चा होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा 7 जुलैला पॅरिसमध्ये 3,000 मीटर स्टीपलचेस 8:09.91 मध्ये पळाला होता. पोरांनी हिशेब केला, 400 ला जेमतेम 65 सेकंद, आणि तेही अडथळ्यांवरून, साडेसात राउंड. मग एकानं जोर लावून आमचा एक राउंड मारला. 62 सेकंद. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी मात्र गप्प झालो, कारण हाच मुलगा जिल्हा स्पर्धेत खऱ्या ट्रॅकवर 66 पळाला होता, आणि तेव्हा तो चांगल्या तयारीत होता.

त्या संध्याकाळी मिस्त्रीची टेप आणून एकट्यानं राउंड मोजला. पहिल्यांदा 384, दुसऱ्यांदा 384. चार राउंडचे 1536. चौसष्ट मीटर कमी. त्या मुलाच्या वेगानं चौसष्ट मीटरला बारा-तेरा सेकंद लागतात. 5:04 मध्ये तेरा मिळवले, की 5:17. तो घाबरला नव्हता. कच्चाही पडला नव्हता. मेमध्ये जसा पळाला, तंतोतंत तसाच जूनमध्ये पळाला. खरा आकडा आधी कळला असता, तर त्याला ते सात सेकंद कापायला सहा-सात महिने मिळाले असते, आणि ते त्यानं कापले असते.

त्याला हे सांगायला मी एकवीस दिवस लावले. फवारणीचा हंगाम आहे, दुकानात गर्दी आहे, अशी कारणं स्वतःला देत राहिलो. इतर पोरांना मैदान चिखलाचं झालंय, रेघ नव्यानं आखू, एवढंच म्हणालो. मोजलेला आकडा कोणालाच सांगितला नाही. राउंड चुकीचा आखला, ते अज्ञान म्हणता येईल. हे एकवीस दिवस तसं म्हणता येत नाहीत.

ऑगस्टमध्ये त्याला दुकानात बोलावून कागदावर सगळा हिशेब मांडला. तो बराच वेळ कागद पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी बराबर पयलो होतो." मी हो म्हणालो. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि गेला. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. आता तो अमरावतीत खोली घेऊन तयारी करतो.

मैदान अरुंद आहे, प्रमाण ट्रॅकची 36.5 मीटरची त्रिज्या तिथं बसत नाही. म्हणून 30 मीटरचा दोर आणि दोन खुंट्या घेऊन दोन्ही वळणं काढली आणि 104 मीटर 80 सेंटिमीटरचे दोन सरळ पट्टे टाकले. पळणारा रेघेपासून 30 सेंटिमीटर बाहेर राहतो, असं धरून राउंड 400 भरतो. पाऊस पडला की फक्की धुऊन जाते, मग पुन्हा टेप. टेपचं दुसरं टोक दर वेळी वेगळ्या पोराच्या हातात देतो आणि आकडा त्यालाच मोठ्यानं वाचायला लावतो. मी स्वतः आठवड्यातून एकदा सहा तुकडे पळतो, 1:50 नं, पोरं पुढं निघून जातात. ते अजूनही जड जातं.

त्या मुलाचे वडील परवा युरियासाठी आले होते. पैसे मोजता मोजता म्हणाले, "भाऊ, तुमच्यामुळंच पोरगं पयाले लागलं." मी बिल फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.