अण्णांचं रडू

अपघातात डोक्याला मार बसल्यापासून अण्णांना कसलंही निमित्त पुरतं. आज टीव्हीवर कांद्याचा भाव ऐकला आणि हुंदके सुरू. मिनिटभरात थांबले अन् म्हणाले, "चहा टाक गं." शेजारच्या काकू मात्र "मन हळवं झालंय" म्हणत डोळे पुसत बसल्या. मन कुठलं! मेंदूचा पुढचा भाग हसू-रडू आवरतो. तिथून मस्तिष्कस्तंभाकडे जाणाऱ्या वाटांना इजा झाली की लगाम सुटतो. किनिअर विल्सन या मेंदूतज्ज्ञाने १९२४ मध्येच यावर लिहून ठेवलंय. नैराश्य कित्येक दिवस टिकतं, हे झटके क्षणांचे. गंमत म्हणजे नैराश्यावरच्याच काही गोळ्या इथेही लागू पडतात. समजूत घातली की अण्णांचं रडणं वाढतं, म्हणून मी सरळ विषय बदलते. उद्या दाढीला न्हावी येईल. त्याला आधीच सांगून ठेवायला हवं. मागच्या वेळी अण्णा हसत सुटले आणि बिचारा वस्तरा उगारून तसाच उभा!