शाईच्या शोधांत गुलमंडी

वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यास निघालेला प्रवासी छत्रपति संभाजीनगरास एक मुक्काम करतो, बीबीचा मकबरा व पाणचक्की पाहतो, आणि दुसरे दिवशीं पुढें निघतो. जुन्या शहराच्या पोटांत शिरण्याइतकी सवड त्यास क्वचितच असते. आम्ही मात्र यंदा तेथें गेलों तें लेण्यांसाठीं नव्हे, तर फाउंटनपेनच्या जुन्या शाईच्या बाटल्या शोधण्यासाठीं! हा छंद ऐकून पुष्कळांस हसूं येतें. परंतु ज्या द्रवानें आपल्या घरचीं खरेदीखतें, जन्मटिपणें आणि वडिलांचीं पत्रें लिहिलीं गेलीं, तो द्रव किती काळ टिकतो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खास नाहीं.

मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास हें नगर खडकी या नांवानें वसविलें. पुढें त्याचें औरंगाबाद झालें, आणि २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर झालें. पैठण दरवाजाकडून टिळकपथानें पायीं निघालें, कीं थोड्याच वेळांत गुलमंडीचा चौक लागतो. गुल म्हणजे फूल आणि मंडी म्हणजे बाजार. परंतु आज तेथें फुलांपेक्षां कापडाचेंच राज्य अधिक. साड्यांच्या दुकानांतील पायघड्या, सुपारी मारुतीच्या देवळांतील घंटा, वाहनांचे कर्णे आणि भाव करणाऱ्या गृहिणींचे आवाज यांच्या गलबल्यांत शाईसारखी मुकी वस्तु शोधावयाची, म्हणजे चिकाटीच हवी.

तरीहि शोधावयाची तर येथेंच, असें आमच्या मनानें घेतलें होतें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. सरकारी लिहिणें उर्दूंत, पेढीचा हिशेब मोडींत आणि घरचें पत्र बाळबोधींत, अशा तीन लिप्या येथें एकाच दौतीवर पोसल्या गेल्या. जेथें इतकें लिहिलें गेलें, तेथें शाईची एखादी बाटली तरी मागें राहिली असेलच कीं!

चौकापासून आंत गेलेल्या एका गल्लींत लेखनसाहित्याचें एक जुनें दुकान आम्हांस सांपडलें. मालक सत्तरीच्या पुढचे. आम्हीं हेतु सांगतांच त्यांनीं शिडी लावून वरच्या फळीवरून धुळीनें माखलेलें एक खोकें खालीं काढलें. त्यांत लंडनच्या स्टीफन्सची निळी-काळी शाई होती. कॅमलची एक चौकोनी बाटली होती. कलकत्त्याच्या सुलेखाची एक होती. आणि पाण्यांत विरघळवून शाई करण्याच्या गोळ्यांची एक पुडी होती. “घ्या, पण पेनांत मात्र घालूं नका,” असें त्यांनीं बजावलें. “बाटली सांभाळायची, शाई नव्हे.”

या चार वस्तूंत शाईचा अर्धाअधिक इतिहास सामावला आहे. डॉक्टर हेन्री स्टीफन्स यांनीं १८३२ सालीं लंडनमध्यें आपली निळी-काळी शाई विकण्यास प्रारंभ केला. मायफळांतील तुरट द्रव्य आणि हिराकस यांच्या संयोगानें ती जात तयार होते. लिहितांना ती फिकी असते, म्हणून डोळ्यांस दिसावी यासाठीं तींत निळा रंग घालतात. कागदावर उतरल्यावर हवेच्या संसर्गानें तींतील लोह पालटतें, आणि तंतूंच्या आंत न विरघळणारें काळें द्रव्य बनतें. निळा रंग पुढें उडाला तरी तें काळें उरतें.

कॅमलची कथा तर आपल्या घरचीच. दिगंबर परशुराम दांडेकर यांनीं बंधूंच्या साह्यानें १९३१ सालीं मुंबईंत ‘हॉर्स ब्रँड’ या नांवानें शाईच्या पुड्या व गोळ्या करण्यास आरंभ केला. मागून कॅमल शाई आली, आणि मराठी शाळकरी मुलांच्या बोटांवर पिढ्यान्‌पिढ्या तिचे डाग पडले. हा उद्योग आज जपानच्या कोकुयो मंडळीशीं जोडलेला आहे. सुलेखा ही १९३४ सालीं राजशाहींत मैत्र बंधूंनीं स्वदेशीच्या प्रेरणेनें काढली. मध्यंतरीं तिचा कारखाना कित्येक वर्षें बंद पडला होता. आतां तिच्या दौती पुन्हां मिळूं लागल्या आहेत.

दुकानदारांनीं मग आपल्या वडिलांची एक जुनी वही आमच्यापुढें ठेवली. पहिल्या भागांतील हिशेब निळ्या-काळ्या शाईचा. अक्षर आजहि ठसठशीत. शेवटच्या चार पानांवर मुलांच्या जन्मवेळा टिपलेल्या होत्या; पण त्या बहुधा हाताशीं असलेल्या स्वस्त रंगीत शाईनें. तेथें आतां फिकट जांभळट सावलीच उरली आहे. “हिशेब राहिला. धाकट्या बहिणीची जन्मवेळ मात्र कोणालाच वाचतां येत नाहीं,” असें ते म्हणाले, आणि वही मिटून त्यांनीं गल्ल्याखालीं ठेवली. वसूल झालेलें देणें अमर झालें, आणि जपावयाची घटिका पुसली गेली!

घरीं आल्यावर आम्हीं टांकानें या शाया लिहून पाहिल्या. स्टीफन्सची शाई अगदींच फिकी उमटली. तिचें लोह गाळ होऊन बाटलीच्या तळाशीं बसलें होतें. म्हणजे वहीवर जिवंत राहिलेली जात बाटलींत मेली होती. शाईनें कागदावर म्हातारें व्हावें, बाटलींत नव्हे. दुकानदारांचा इशारा किती रास्त होता, हें तो गाळ पाहून पटलें. तो पेनांत गेला असता, तर पेन कायमचें तुंबलें असतें.

नंतर नव्या शाया घेतल्या. कागद मात्र आम्हीं मुद्दाम कागजीपुऱ्याचा वापरला. देवगिरीहून वेरूळकडे जातांना हें गांव लागतें. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी देवगिरीस हलविली, तेव्हांपासून कागदाची कला येथें रुजली, अशी परंपरा आहे. या हातकागदावर चार ओळी लिहिल्या: घरीं काजळी व बाभळीचा डिंक घालून केलेली शाई, हल्लींची धुऊन जाणारी निळी, हल्लींची लोहयुक्त निळी-काळी, आणि सूक्ष्म काजळकणांची जपानी काळी. अर्धा कागद झांकून तो दोन महिने खिडकींत उन्हांत ठेवला, व मग पाण्यांत बुडविला. उन्हानें धुऊन जाणारी निळी करडी पडली, आणि पाण्यानें ती दिसेनाशी झाली. घरच्या काजळी शाईला उन्हानें कांहीं झालें नाहीं, पण पाण्यांत ती थोडी पसरली. लोहयुक्त शाईचा निळेपणा गेला, काळेपणा राहिला. जपानी काळी जशीच्या तशी!

तेव्हां जुनें तें सोनें म्हणून नव्या शाईस नाक मुरडणें न्यायाचें होणार नाहीं. आजची निळी धुऊन जाते, कारण मुलांचे सदरे धुतां यावे व पेन साफ राहावें, हाच तिचा धर्म आहे. रंगांची विविधता तर पूर्वजांस स्वप्नींहि दिसली नसती. दोष शाईचा नसतो. कोणत्या कामास कोणती शाई, हा विवेक सुटतो, तो दोष लिहिणाराचा. हा विवेक आपणांस नवा नाहीं. मराठवाड्यांतील जांब येथें जन्मलेल्या समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेसाठीं एक स्वतंत्र समासच योजिला आहे.

वाचकांस आमची विनंति एवढीच. मृत्युपत्र, जन्मटिपण, कुलवृत्तांत व नातवंडांनीं वाचावीं अशीं पत्रें लोहयुक्त किंवा काजळकणांच्या शाईनें लिहावीं. अशी शाई पेनांत वाळूं देऊं नये, आणि दोन शाया एकत्र मिसळूं नयेत. घरांतील जुन्या वह्या एकदां उजेडांत उघडून पाहाव्या. ज्या ओळी फिक्या होत चालल्या असतील, त्या वाचतां येतात तोंवरच टिकाऊ शाईनें दुसऱ्या कागदावर उतरून घ्याव्या. हें काम एका रविवारीं उरकतें.