खुर्चीचा उजवा हात

टेंभी नाक्यावरील आमचे जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करावयाचे ठरले आणि वडिलांच्या खुर्चीचा प्रश्न उभा राहिला. अक्रोडाच्या लाकडाची, हात असलेली, ऐसपैस कोरीव खुर्ची. नव्या सदनिकेत ती जाईल, पण मग आपल्याला जाता येणार नाही, असे सौभाग्यवतींचे मत पडले.

घरात तिला ‘काश्मिरी खुर्ची’ म्हणत. पाठीवर चिनारची पाने, हातांवर द्राक्षवेल. काश्मिरी कारागीर अक्रोडाच्या फळ्या कित्येक वर्षे मुरवून मगच त्यांवर पटाशी चालवतात. मुळाजवळचे लाकूड अधिक गडद, म्हणून अधिक मोलाचे. तिथे हे झाड तोडण्यास १९६९ च्या कायद्याने परवानगी लागते. जुन्या वस्तूस गिऱ्हाईक असते ते यामुळेही.

एका व्यापाऱ्याने छायाचित्रे पाहून २२ हजार रुपये सांगितले. मात्र वर्णन लेखी मागितले. निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे असली कामे आपोआप येतात. मी लिहिले : ‘अस्सल अक्रोड, प्राचीन, अखंड.’

कागद खिशात ठेवून सकाळी मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनास गेलो. या मंदिरात श्रीपाल राजाची कथा आपण सारेच पाहत आलो आहोत. त्या कथेत धवल शेठही आहे, याकडे आपले लक्ष जरा कमी जाते.

‘अखंड’ हा शब्द खरा नव्हता. लहानपणी धाकट्या बंधूने उडी मारून खुर्चीचा उजवा हात मोडला होता. सुताराने नवा हात सागवानाचा केला आणि गडद पॉलिश चढवले. द्राक्षे कोरण्याचे निराळे पैसे पडतील म्हणताच वडील म्हणाले, ‘नुसती पाने पुरेत.’ आजही त्या बाजूच्या वेलीला फळ नाही. ‘प्राचीन’चेही तसेच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशी वस्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. वडिलांनी ती जुनी म्हणून घेतली, पण वयाचा कागद नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोट्या मापांनंतर येतो तो प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल खपवणे. बँकेत इतरांचे तारण तपासताना मी अशा शब्दांवर लाल रेघ ओढत असे. मी कागद बदलला : ‘अक्रोड, उजवा हात सागवानी, दुरुस्त केलेला, वयाचा पुरावा नाही.’

बंधू संतापला. ‘दादा, न विचारलेले सांगत बसलो तर दुकाने बंद करावी लागतील. तो काय आंधळा आहे? उलटी करून पाहील की!’ यात तथ्य नव्हते असे नाही. घेणारा मुरलेला होता, त्याला मी फसवू शकलो नसतो. पण माझा कागद त्याच्यापाशी थांबणार नव्हता. त्याच्या गिऱ्हाइकापर्यंत जाणार होता, आणि ते गिऱ्हाईक खुर्ची उलटी करून पाहणारे असेलच असे नाही.

व्यापारी १३ हजारांवर उतरला. बंधूच्या निम्म्या हिश्शातील तूट मी भरून देतो म्हणालो; त्याने ती घेतली नाही आणि दोन दिवस फोनही उचलला नाही.

खुर्ची न्यायला हमाल आले त्या सकाळी तो न सांगता हजर झाला. टेम्पो दारात लागेपर्यंत तिच्यात बसून राहिला, आणि उजव्या हाताच्या पानांवरून बोट फिरवत म्हणाला, ‘सुताराचे काम मात्र पक्के निघाले हं, दादा.’