खडखड

दुब्रोवनिकच्या पिले दरवाजातून आम्ही आत शिरलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आईच्या हातात पर्स, पाण्याची बाटली आणि खाऊची पिशवी. माझ्याकडे दोन ट्रॉली बॅगा. त्यातली मोठी तेवीस किलोची, कारण थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर घेतल्याशिवाय आई पंधरा दिवसांसाठी घराबाहेर पडत नाही.

दरवाजातून उतरलं की समोर स्त्रादून, जुन्या गावाचा मुख्य रस्ता. लांबी जेमतेम तीनशे मीटर. दिव्यांच्या उजेडात फरशी अशी चमकत होती की आई थबकलीच.

"अगं, पाऊस पडून गेलाय वाटतं. सांभाळून ये, घसरशील."

फरशी कोरडी ठणठणीत होती. चुनखडीचा दगड शतकानुशतकं पायांखाली घासून गुळगुळीत झालेला, देवळाच्या उंबऱ्यासारखा. त्या गुळगुळीतपणावर विसंबून मी बॅगा निर्धास्त ओढू लागले. पण दर दोन लाद्यांमध्ये सांधा असतो आणि दर सांध्याला चाक आपटतं. टक-टक, टक-टक. रस्ता रुंद असल्याने ते फारसं जाणवलं नाही. जाणवलं ते डावीकडच्या गल्लीत वळल्यावर.

गल्ली म्हणजे जिनाच. स्त्रादूनच्या उत्तरेच्या सगळ्या गल्ल्या अशाच पायऱ्यापायऱ्यांनी तटबंदीकडे चढत जातात. दोन्ही बाजूंना तीनचार मजली दगडी घरं आणि मध्ये दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी वाट. आमच्या खोलीपर्यंत 72 पायऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी आईने मोजल्या. त्या रात्री मी मोठी बॅग पाठीमागे धरून एकेक पायरी वर खेचत होते. आधी ठाप्, मग खर्र, मग पुन्हा ठाप्. त्या दगडी खोबणीत प्रत्येक आवाज दुप्पट होऊन परत येत होता. साधारण अर्ध्या वाटेवर कड्कन आवाज झाला, बॅग तिरकी झाली आणि निखळलेलं चाक टणाटण उड्या मारत खाली स्त्रादूनच्या दिशेने निघून गेलं.

वरची एक हिरवी झडप उघडली. पांढऱ्या केसांची एक बाई बाहेर डोकावली. ती ओरडली नाही. तिने फक्त दोन्ही हात पुढे केले, मुठी वळल्या आणि हवेतलं काहीतरी उचलून दाखवलं. मग झडप लावून घेतली.

सकाळी मालकीणबाई चादरी बदलायला आल्या तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो दंडाचा. तिची काळजी रास्त होती. तो 2023 चा सप्टेंबर होता आणि त्या उन्हाळ्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली होती, की दुब्रोवनिकच्या जुन्या गावात चाकांची बॅग ओढली तर 265 युरो दंड. म्हणजे तेव्हाच्या भावाने चोवीस हजारांच्या आसपास. आमच्या घरच्या ग्रुपवर ती बातमी तीन नातेवाइकांनी तीनदा पाठवली होती.

मालकीणबाई हसल्या. असा दंड कधी नव्हताच, म्हणाल्या. 'रिस्पेक्ट द सिटी' ही शहराची मोहीम. तिच्यातल्या एका चित्रफितीत पर्यटकांना काही विनंत्या केल्या होत्या: स्मारकांवर चढू नका, जुन्या गावात उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या कपड्यांत फिरू नका, आणि हो, दगडी गल्ल्यांतून बॅग ओढण्याऐवजी उचला. यातल्या उघड्या अंगाच्या आणि स्मारकांवर चढण्याच्या बाबतीत दंड खरोखरच आहे. बॅगेची विनंती त्या दंडाला जोडून कुणीतरी बातमी केली आणि ती सुटली. तिथल्या पर्यटन मंडळाला खुलासा करावा लागला की चाकांच्या बॅगांवर बंदी नाही. महापौर मातो फ्रांकोविच यांच्या प्रशासनाने तेव्हा आणखी एक कल्पना मांडली होती. प्रवाशांनी सामान तटबंदीबाहेरच द्यायचं आणि ते विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांनी मुक्कामी पोचवायचं.

"म्हणजे दंड नाही," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. मग लगेच, "पण त्या बाईंची झोप मोडली ती मोडलीच."

ही बातमी नवी नव्हती, फक्त गाव नवं होतं. 2014 च्या नोव्हेंबरात व्हेनिसबद्दल नेमकं हेच झालं होतं. कडक चाकांच्या गाड्यांना मनाई करणारा नियम तिथे येऊ घातला होता आणि दंडाचा आकडा 500 युरोपर्यंत सांगितला जात होता. जगभर ओरड झाली तेव्हा प्रशासनाने सांगितलं की नियम माल वाहून नेणाऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांच्या बॅगांसाठी नाही. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. भाजीपासून धुलाईच्या कपड्यांपर्यंत सगळा माल होडीतून उतरतो आणि हातगाडीवर चढतो. त्या गाड्यांना पुढच्या बाजूला दोन छोटी जादा चाकं असतात, पूल चढताना पायरीवर टेकवायला. हे काम करणाऱ्यांना पायरी कशी चढायची ते ठाऊक असतं. आमच्यासारख्यांना नसतं.

मुळात बॅगेला चाकं येऊन पुरती साठ वर्षंही झालेली नाहीत. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन गृहस्थांना 1970 मध्ये विमानतळावर एक कामगार जड यंत्र चाकांच्या फळीवरून सहज ढकलत नेताना दिसला. त्यांनी सुटकेसला चार चाकं आणि ओढायला पट्टा लावला आणि 1972 मध्ये पेटंट मिळवलं. आज आपण ओढतो ती उभी, दोन चाकांची, लांब दांडीची बॅग आणली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने, 1987 मध्ये. दोघांच्याही डोळ्यांसमोर विमानतळाची सपाट फरशी होती. त्याआधी सामान उचलायला हमाल लागायचा किंवा स्वतःचा खांदा. चाकं आली, हमाल गेला, खांदा मोकळा झाला. ते ओझं कुठे गेलं हे मला त्या हिरव्या झडपेखाली उभं राहिल्यावर कळलं. ते त्या बाईच्या कानावर गेलं होतं.

आणि असे कान आता फार उरलेले नाहीत. 1940 मीटरच्या तटबंदीत एके काळी पाचेक हजार लोक राहत होते. आता जेमतेम दीड हजार. 1991 मध्ये युगोस्लाव सैन्याने शहराला वेढा घातला आणि 6 डिसेंबरला जुन्या गावावर सर्वांत भयंकर तोफमारा झाला. तटावरून चालताना ते आजही दिसतं. जुनी कौलं मळकट पिवळी आणि युद्धानंतरची नवी लालभडक. मोजायला बसलं तर लालच जास्त. काही माणसं तेव्हा गेली. उरलेल्यांपैकी अनेकांना पर्यटनाने हलवलं, तेही बऱ्याचदा राजीखुशीने. वडिलोपार्जित घर उन्हाळ्यात भाड्याने दिलं की तटाबाहेर लिफ्टच्या इमारतीत आरामात राहता येतं. आमच्या मालकीणबाईंनीही तेच केलं होतं. दारोदारी 'सोबे' म्हणजे खोल्या, अशा पाट्या. आमच्या गल्लीत मी सतरा दरवाजे मोजले. संध्याकाळी स्वयंपाकाचा वास आला तो फक्त चारांतून.

खोली पर्यटकाची झाली की तिची माणसं दर तीनचार दिवसांनी बदलतात. प्रत्येक बदलाला एक बॅग खाली जाते आणि एक वर येते. काही विमानं सकाळी लवकरची, म्हणून बऱ्याच बॅगा पहाटे चारपाचला निघतात. रात्री उशिरापर्यंत बार आणि पहाटेपासून बॅगा. मधल्या दोनतीन तासांत त्या चार घरांनी झोपून घ्यायचं.

शहर हातावर हात धरून बसलेलं नाही. एका वेळी बंदरात दोनपेक्षा जास्त क्रूझ जहाजं नकोत, असा नियम त्यांनी आधीच घातला होता. 2024 च्या अखेरीस जुन्या गावात भाड्याच्या खोल्यांना नवे परवाने देणंही थांबवण्याचं ठरलं. बॅग उचला ही विनंती या सगळ्यातली सगळ्यात छोटी गोष्ट. पण बातमी झाली ती तिचीच.

पूर्वेच्या प्लोचे दरवाजाबाहेर समुद्राला लागून दगडी गाळ्यांची एक रांग आहे, लाझारेती. दुब्रोवनिकने 1377 मध्ये कायदा केला की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी तीस दिवस गावाबाहेर काढायचे. क्वारंटीनचा हा जगातल्या पहिल्या कायद्यांपैकी एक. सुरुवातीला त्यासाठी मर्कान नावाचं बेट आणि त्सावतात हे गाव नेमलं होतं. हे गाळे पुढे सतराव्या शतकात पुरे झाले. ऑटोमन मुलखातून तांड्यांनी येणारा माल आणि माणसं इथे थांबत. लोकर, कातडी, मेण हे सगळं उघडून हवेवर टाकलं जाई आणि मगच दरवाजातून आत. सामान वेशीवर अडवण्याची सवय या गावाला साडेसहाशे वर्षांची आहे. आम्ही गेलो त्या संध्याकाळी एका गाळ्यात लोकनृत्याची तालीम चालली होती आणि बाहेर एक गोरं जोडपं आपल्या बॅगेवर बसून सँडविच खात होतं.

आईला हे सगळं ऐकताना माथेरान आठवलं. साहजिकच. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि पुढे घोडा, हातरिक्षा किंवा हमाल. आम्ही लहान असताना डोक्यावर दोन बॅगा, हातात तिसरी अशा हमालाच्या मागे तांबड्या मातीतून जात असू. तिथे खडखड नव्हती. धाप होती, आणि ती दुसऱ्या कुणाची होती. माणसाने माणसाला ओढणं थांबलं पाहिजे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या ऑगस्टमध्ये माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा द्यायला. दोन्ही गावांत प्रश्न एकच: गाडी जात नाही तिथे पाहुण्याचं ओझं कुणी वाहायचं?

तिसऱ्या दिवशी आम्ही संत व्लाहोच्या चर्चपाशी बसलो होतो. व्लाहो म्हणजे सेंट ब्लेझ, या गावाचा रक्षणकर्ता. गावात जिथे तिथे त्याची मूर्ती, आणि चर्चमधल्या मूर्तीच्या हातात 1667 च्या भूकंपापूर्वीच्या शहराची चिमुकली प्रतिकृती. आई बराच वेळ वर बघत राहिली. तिचं आजोळ गोव्यातलं, कुंभारजुव्याचं. खाडीपलीकडे गवंडाळी.

"गवंडाळीला याचंच चर्च आहे की," ती म्हणाली. "साव ब्राझ. आम्ही तरीतून पलीकडे जायचो."

खरंच आहे. सोळाव्या शतकात दुब्रोवनिकचे व्यापारी गोव्यापर्यंत पोचले होते आणि गवंडाळीचं ते चर्च त्यांच्याशी जोडलं जातं. दुपारी आईने हे मालकीणबाईंना सांगितलं, मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. त्यांना ते अजिबात माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा 'गोआ' म्हणून पाहिलं, मग आत जाऊन वाटीभर सुक्या संत्रासाली आणून दिल्या, साखरेत घोळवलेल्या. आईने बदल्यात मेतकुटाची पुडी दिली. ते कशावर घालायचं हे हातवाऱ्यांनी समजावण्यात अर्धा तास गेला.

निघायच्या दिवशी विमान सकाळी होतं. टॅक्सी पहाटे पाचला वरच्या बुझा दरवाजाबाहेर येणार होती. म्हणजे आणखी साठएक पायऱ्या, त्याही चढत्या, आणि मोठ्या बॅगेला एकच चाक. आदल्या रात्री आईने बॅग उघडली. कुकर मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवला, उरलेली भाजणीही. माझी तीन जाड पुस्तकं टेबलावर राहिली. छोट्या बॅगेतले कपडे दोन पिशव्यांत भरले. बॅग सतरा किलोवर आली असेल.

पावणेपाचला दार ओढून घेतलं. मी बॅग आडवी करून बाजूच्या मुठीने उचलली. आईने दुसरं टोक धरलं, नको म्हटलं तरी. दर दहा पायऱ्यांना थांबत होतो, बॅग दगडावर ठेवताना आधी एक कोपरा टेकवून, मग दुसरा. एका उंबऱ्यावर मांजर बसलं होतं, तेही हललं नाही. हिरवी झडप बंद होती. आईने तिच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं, जणू मीच बोलणार होते.

बुझा दरवाजातून बाहेर आलो तेव्हा दोघींचे हात थरथरत होते. टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरने बॅग उचलून डिकीत टाकली, तुटक्या चाकाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. आई दाराला धरून श्वास घेत होती.

तेवढ्यात खालून, स्त्रादूनच्या बाजूच्या कुठल्यातरी गल्लीतून, आवाज आला. ठाप्. खर्र. ठाप्. आम्ही दोघी नकळत मोजायला लागलो. बारापर्यंत आलो आणि झडप उघडल्याचा आवाज झाला.