परळ ते चैत्यभूमी : गिरणीच्या जागेवर हक्क कोणाचा?

दरवर्षी 6 डिसेंबरला लाखो भीमअनुयायी दादरला येतात, चैत्यभूमीवर नतमस्तक होतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. धम्मबांधवांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी एक दिवस जास्त काढावा आणि परळहून चैत्यभूमीपर्यंत पायी यावे. वस्तीतील मुलामुलींना घेऊन आम्ही ही वाट चाललो आहोत. गिरणी आणि आपली चळवळ यांचे नाते या रस्त्यावर लवकर कळते.

सुरुवात परळच्या पोयबावाडीतून करावी. येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत, बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. शेजारीपाजारी सारे कष्टकरी. जवळच कामगारांसाठी बांधलेला दामोदर हॉल होता. 9 मार्च 1924 रोजी तेथे बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. म्हणजे आपल्या चळवळीचा पाळणा कामगारांच्या सभागृहात हलला. बसायला, बोलायला हक्काची जागा मिळाली की समाज किती पुढे जातो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

गिरणीच्या आत मात्र आपल्याला सगळ्या जागा मोकळ्या नव्हत्या. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचा ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त पगाराच्या विणाई खात्यात आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कमी पगाराच्या सूतखात्यात राबावे लागे. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. मालकाविरुद्ध एकजूट हवी, पण कामगारांतला जातिभेदही गेला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

रेल्वे ओलांडून लोअर परळला आले की चित्र पालटते. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे एकेक गिरणी थंडावली. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी ठरली होती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची, असे झाले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. लोकांच्या वाट्याची जमीन आक्रसली. फिनिक्स मिलच्या जागी आज झगमगता मॉल आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी तेथे पाळ्या केल्या, त्यांची मुले आत जाताना दबकतात.

आता दादरच्या समुद्राकडे वळावे. चैत्यभूमीच्या जवळच इंदू मिलची सुमारे 12 एकर जागा आहे. ही इंडिया युनायटेड मिल क्रमांक 6. ती बंद पडून होती. 6 डिसेंबर 2011 रोजी भीमसैनिक आत शिरले आणि तेथेच ठाण मांडून बसले. वर्षभरात, डिसेंबर 2012 मध्ये, केंद्र सरकारला ही जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देण्याची घोषणा करावी लागली. 11 ऑक्टोबर 2015 रोजी पायाभरणी झाली. ही जागा समाजाने लढून मिळवली आहे.

स्मारकाच्या योजनेत पुतळ्याबरोबर सभागृह, ग्रंथालय आणि संशोधन केंद्रही आहे. आमच्या मते खरी कसोटी तेथेच आहे. पुतळ्याला वंदन करून माणूस निघून जातो. ग्रंथालयात तो बसतो, सभागृहात तो बोलतो.

ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात पोंपेया नावाचा कामगार भाग आहे. तेथे पिंपांचा एक जुना कारखाना बंद पडला होता. वास्तुरचनाकार लीना बो बार्दी पाहणीला गेल्या, तेव्हा त्या शेडमध्ये मुले खेळत होती, कुटुंबे सुट्टी घालवत होती. त्यांनी ठरवले की शेड पाडायच्या नाहीत आणि लोकांनाही हलवायचे नाही. 1982 मध्ये तेथे ग्रंथालय, नाट्यगृह आणि हस्तकलेच्या कार्यशाळा सुरू झाल्या. आधी लोक पाहिले, मग नकाशा काढला!

इंदू मिलच्या शेड गेल्या, त्या परत येणार नाहीत. पण जागेचा वापर कोणी ठरवायचा, हा प्रश्न अजून आपला आहे. शाहिरी पथकांना तालमीसाठी तेथे खोली मिळेल काय? मुंबईबाहेरून शिकायला आलेल्या मुलीला ग्रंथालयात रात्री उशिरापर्यंत बसता येईल काय? सभागृहाचे भाडे महिला मंडळाला परवडेल काय? कारभारात वस्त्यांचे प्रतिनिधी असतील काय? हे प्रश्न आपल्या मंडळांनी ठराव करून शासनाकडे पाठवले पाहिजेत. जागा मागताना आपण एक होतो, किल्ली मागतानाही एक व्हावे.

आणि एक काम घरचे. ज्यांच्या घरी गिरणीत राबलेले आजोबा असतील, त्यांनी त्यांचा हजेरीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती जपून ठेवावी. विणाई खात्याचे दार बंद होते, हे त्यांच्या तोंडून ऐकून वहीत लिहून घ्यावे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. हा इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरा कोण लिहिणार?

जय भीम!