ज्यूलीच्या बाजूने

'ज्यूली अँड ज्यूलिया' हा सिनेमा पाहिलेल्या माणसांत वाद होत नाहीत, हीच माझी तक्रार आहे. सगळ्यांचं मत एकच. ज्यूलिया फार आवडली, ज्यूली डोक्यात गेली. २००९ साली सिनेमा आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी हेच लिहिलं, आणि आजही कुणी घरबसल्या तो पाहून फोन केला की हेच सांगतं: त्या ज्यूलीचा भाग कापून टाकला असता तर काय बहार आली असती! मी मात्र दरवेळी ज्यूलीचं वकीलपत्र घेऊन बसते.

सिनेमात दोन बायका आहेत आणि त्या एकमेकींना कधीच भेटत नाहीत. एक ज्यूलिया चाइल्ड. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे १९४८ मध्ये पॅरिसला आलेली, सहा फूट दोन इंच उंचीची अमेरिकन बाई. तिने पुढे अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवला. दुसरी ज्यूली पॉवेल. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, पिझ्झाच्या दुकानावरच्या जागेत राहणारी, तिशीला टेकलेली नोकरदार मुलगी. ज्यूलियाच्या पुस्तकातल्या ५२४ पाककृती ३६५ दिवसांत करायच्या आणि रोज त्याबद्दल लिहायचं, असा तिने पण केला. दोघींच्या आठवणींची पुस्तकं पुढे आली आणि नोरा एफ्रॉनने त्या दोन पुस्तकांची वेणी घालून हा सिनेमा केला. तो तिचा शेवटचा.

ज्यूलिया आवडणं स्वाभाविकच आहे. मेरिल स्ट्रीपने तिचा तो चढा, हेलकावे घेणारा आवाज असा काही उचलला आहे की नक्कल आणि अभिनय यांतली सीमा कुठे संपली ते कळत नाही. फ्रान्समध्ये उतरल्यावरच्या पहिल्या जेवणात तिच्यासमोर लोण्यात परतलेला सोल मासा येतो. प्रत्यक्षात हे जेवण रूआँ गावातल्या 'ला कुरोन' या उपाहारगृहात झालं होतं. ती पहिला घास घेते आणि तिला बोलताच येत नाही. ताटलीतला मासा नवऱ्याला दाखवत ती नुसती हुंकारते. आमचं घर शाकाहारी. या सिनेमात गोमांस, बदक, जिवंत उकळायचे लॉब्स्टर असं सगळं आमच्याकडे वर्ज्य असलेलंच शिजतं. लॉब्स्टरच्या प्रसंगाला सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला होता. पण सोलच्या प्रसंगाला त्या टक लावून बघत होत्या. आपण जे कधी खाणार नाही ते दुसरं कुणी इतक्या सुखाने खाताना बघूनही जीव तृप्त होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

शिवाय तिचा नवरा, पॉल. स्टॅन्ले टुचीचा हा पॉल स्वतः सुसंस्कृत, हुशार, आणि बायकोच्या यशाने कणभरही न आक्रसणारा आहे. ख्रिसमसची शुभेच्छापत्रं वेळेवर पाठवणं या जोडप्याला जमत नसे, म्हणून ती दोघं व्हॅलेंटाइनची पत्रं पाठवत. त्यातल्या एकावर दोघं टबात, फेसात बसलेल्याचा फोटो आहे. चाळिशी ओलांडलेल्या जोडप्याचा असा खट्याळ संसार आपल्या सिनेमात क्वचित दिसतो.

पण हसतमुख ज्यूलियाच्या मागे जी चिकाटी होती, ती हसण्याच्या आवाजात झाकली जाते. 'ले कॉर्डों ब्ल्यू' या पाकशाळेत नाव घातलं तेव्हा ती ३७ वर्षांची होती. वर्गात युद्धावरून परतलेले अमेरिकन सैनिक, शिकवायला मॅक्स ब्यून्यार नावाचे मुरलेले आचारी. कांदे कापण्यात मागे पडते म्हणून ती घरी कांद्यांचा डोंगर रचून कापत बसते आणि दारात आलेला पॉल डोळे पुसत परत फिरतो, हा प्रसंग सिनेमात धमाल आहे. शाळेच्या परीक्षेत मात्र ती पहिल्यांदा चक्क नापास झाली होती. अवघड पदार्थ येत होते, पण नवशिक्यांच्या पुस्तिकेतली साधी कृती तिने पाठ केली नव्हती.

पुढे सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर ती पुस्तकाला लागली. नेहमी जमणारं मेयोनेज थंडीत एकाएकी बिघडायला लागलं, तेव्हा ते का बिघडतं याचा छडा लागेपर्यंत तिने घाणेच्या घाणे केले. भांडं गार असलं की बिघडतं, म्हणून आधी भांडं कोमट करा, एवढं एक वाक्य त्यातून निघालं. अशा वाक्यांचं ते पुस्तक आहे. एका प्रकाशकाने ते नाकारलं. मग नॉफ प्रकाशनाच्या ज्यूडिथ जोन्स या तरुण संपादिकेने हस्तलिखितातली बफ बुर्गिन्याँ, म्हणजे रेड वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं गोमांस, घरी स्वतः करून पाहिली आणि पुस्तक स्वीकारलं. १९६१ साली 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' प्रसिद्ध झालं तेव्हा ज्यूलिया ४९ वर्षांची होती. मधुर जाफरींचं भारतीय स्वयंपाकाचं पहिलं पुस्तक १९७३ मध्ये आलं, त्याच्याही संपादिका ज्यूडिथ जोन्सच. परक्या देशाचं अन्न नुसत्या लेखी सूचनांवरून परक्या चुलीवर उतरू शकतं, यावर त्या बाईंचा ठाम विश्वास असणार.

हे पुस्तक कुणासाठी, ते प्रस्तावनेत पहिल्यालाच सांगितलं आहे: घरात नोकरचाकर नसलेल्या अमेरिकन गृहिणीसाठी. म्हणजे जिला हाताखाली कुणी नाही आणि शेजारी उभं राहून सांगणारंही कुणी नाही, तिच्यासाठी. ज्यूलीची बाजू मी घेते ती इथे.

ज्यूली सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर खालच्या मॅनहॅटनच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या कचेरीत काम करते. दिवसभर फोनवर लोकांचा संताप आणि रडणं ऐकायचं, तिच्या हातात काहीच नाही. संध्याकाळी ती घरी येते आणि नवऱ्याला सांगते की चॉकलेट, साखर आणि दुधात अंड्याचा बलक घातला की ते घट्ट होणारच, आणि हे ठाऊक असण्याचाच केवढा आधार वाटतो. मला हा प्रसंग सोलच्या घासाइतकाच मोलाचा वाटतो. पॅरिसच्या बाजारात फिरणाऱ्या ज्यूलियाला स्वयंपाकातून आनंद मिळतो. ज्यूलीला मिळतो तो धीर. आपल्यापैकी बहुतेक जणी रात्री आठ वाजता ओट्याशी उभ्या राहतो तेव्हा आपणही धीरच शोधत असतो.

ती रडते, हे खरं. कोंबडीत भरायचं सारण सांडल्यावर फरशीवर लोळण घेऊन रडते. बुर्गिन्याँ ओव्हनमध्ये ठेवून झोपी जाते आणि ती करपवते. ज्या ज्यूडिथ जोन्ससाठी तो घाट घातला, त्या पावसामुळे येतच नाहीत. नवऱ्याला वैताग येईल इतकी ती स्वतःतच गुंतलेली आहे. पण विचार करा, ज्यूलियाच्या वाट्याला शिक्षक होते, मैत्रिणी होत्या, पॉल होता, पॅरिस होतं. ज्यूलीजवळ एक अडचणीचं स्वयंपाकघर आणि एक जाडजूड पुस्तक. सासूबाई सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, "हिला सासू नव्हती गं, म्हणून पुस्तक लागलं." त्या थट्टेने म्हणाल्या, पण मला ते अगदी पटलं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं. नोकरीपायी शहरात दोघांचे संसार मांडले जात होते, सासू आणि आई दोघीही गावी, आणि पुरणाचा अंदाज विचारायला घरात फोनही नव्हता. वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगणारं ते पुस्तक मग लग्नाच्या आहेरात येऊ लागलं आणि हळदीच्या डागांनी पिवळं होऊन पुढच्या पिढीकडे गेलं. ज्यांनी ते असं वापरलं त्यांना ज्यूली परकी वाटायचं कारण नाही.

मीही ज्यूलियाचं थोडं शिकले आहे, शाकाहारी वाटणीतलं. सिनेमात ज्यूली सांगते की मांस पुसून कोरडं केलं नाही तर त्याला तपकिरी रंग चढत नाही, आणि कढईत मश्रूमची गर्दी करायची नाही. चिरण्याआधी भेंडी पुसून घ्यायची हे ज्या घरात बाळकडू आहे, तिथे हे लगेच पटतं. मश्रूम कोरडे करायचे. पॅनमधल्या लोण्याचा फेस ओसरेपर्यंत थांबायचं. मग थोडेच तुकडे टाकायचे. आधी ते सगळं लोणी पिऊन टाकतात आणि पॅन कोरडा ठाक पडतो. इथे हात लोण्याकडे जातो, तो आवरायचा. दोन-तीन मिनिटांत लोणी पुन्हा वर दिसू लागतं आणि कडा लालसर होतात. एकदम सगळे ओतले की पाणी सुटतं आणि त्याची पांढुरकी भाजी होते. पॅरिसमध्ये शिकलेल्या बाईने लिहिलेली ही गोष्ट माझ्या गॅसवर तशीच्या तशी घडते.

सिनेमात शेवटाकडे एक कडू घोट आहे आणि एफ्रॉनने तो गाळला नाही याबद्दल तिला मानलं पाहिजे. एका वार्ताहराचा फोन येतो: ९० वर्षांच्या ज्यूलियाला ज्यूलीचा हा उद्योग आवडलेला नाही. प्रत्यक्षातही तसंच होतं. ज्यूडिथ जोन्स यांनी पुढे सांगितलं की ज्यूलियाला ही मुलगी स्वयंपाकाबद्दल गंभीर वाटली नव्हती. एकलव्याच्या गुरूंनी आधी त्याला झिडकारलं आणि नंतर अंगठा मागितला. ज्यूलियाबाईंनी निदान काही मागितलं नाही, नुसती पाठ फिरवली. ज्यूली रडते, आणि उरलेले पदार्थ पूर्ण करते. शेवटचं हाडं काढलेलं बदकही कणकेच्या आवरणात भाजून टेबलावर आणते.

ज्यूलिया चाइल्ड १३ ऑगस्ट २००४ रोजी गेली, ९२व्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. ज्यूली पॉवेल २०२२ मध्ये गेली, अवघ्या ४९व्या वर्षी. ज्या वयात एकीचं पहिलं पुस्तक आलं, त्या वयात दुसरी संपली.

ज्यूलियाचा राग मी समजू शकते. इतक्या वर्षांची तपश्चर्या कुणी वर्षभराचा पण म्हणून वापरावी, हे तिला रुचलं नसेल. तरीही मला वाटतं की या एका बाबतीत ज्यूलिया चुकली. पाककृतींचं पुस्तक ओळखीच्या, लायक, गंभीर माणसांसाठी लिहिलेलं नसतं. ते ज्याच्या हाती पडेल त्याचं असतं, रडक्या, वेंधळ्या, थकून घरी आलेल्या माणसाचंही. मेयोनेजचं भांडं आधी कोमट करा, हे वाक्य ज्यूलियाने अशाच कुणासाठी तर इतकं घासूनपुसून लिहिलं होतं. तिचं पुस्तक खरोखर चालतं, याचा ज्यूलीहून भक्कम पुरावा नाही. तेव्हा पुढच्या वेळी हा सिनेमा लावाल तेव्हा ज्यूली पडद्यावर आली की रिमोट उचलू नका.