पिरंगुटहून सांतियागोच्या वारीला

आमच्या पिरंगुटच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक कागद चौकटीत घालून लावलेला आहे. त्यावरची भाषा लॅटिन. घरात कुणालाच ती वाचता येत नाही. पण त्यातल्या एका ओळीत आमच्या दादांचे नाव आहे, एवढे सर्वांना ठाऊक आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे कसले सर्टिफिकेट?" त्याचीच ही हकीकत.

आधी दादांविषयी सांगतो. ते माझे थोरले बंधू. घरची शेती त्यांनी सांभाळली, म्हणून मला शेतकी कॉलेजात शिकता आले. बावीस वेळा ते आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला गेले. आपल्या मुळशीत आषाढ म्हणजे भातलावणीची घाई, हे तुम्हाला सांगायला नको. पण वाडीत सावड होती. दादा वारीत असताना शेजारी आमची खाचरे लावून देत आणि परत आल्यावर दादा त्यांच्या बांधावर जाऊन तेवढे दिवस फेडत. दरवर्षी ते मला म्हणत, "एकदा चल की संगं." मी म्हणे, "खरिपात विस्तार अधिकाऱ्याने गाव सोडून कसे चालेल?" कारण खोटे नव्हते. पण इतक्या वर्षांत एकही आषाढ मोकळा सापडू नये, हेही खरे नव्हते. २०२२ च्या दिवाळीत दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वारी थांबली.

माझी धाकटी मुलगी नोकरीनिमित्त स्पेनमध्ये माद्रिदला असते. २०२४ च्या मे महिन्यात रजा आणि परवानगी काढून मी तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "बाबा, इथेही एक वारी आहे. चालायचं का?"

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावातल्या मोठ्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी संत याकोब यांची समाधी आहे, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. हजाराहून अधिक वर्षे युरोपभरचे यात्रेकरू तिथे पायी जात आले आहेत. यात्रेची खूण म्हणजे शिंपला. पूर्वी तोच यात्रा पुरी केल्याचा पुरावा धरत. पुढे वाटेतच कुणीही शिंपले विकू लागले, तेव्हा लेखी पत्र देण्याची रीत पडली. बोगस बियाणे आले की पिशवीवरची पट्टी तपासावी लागते, तसेच हे. त्या पत्रालाच आज 'कोम्पोस्तेला' म्हणतात.

आम्ही चाललो तेव्हा त्याचा नियम साधा होता. निदान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालायचे, सायकलने गेल्यास २००. जवळ एक घडीचे पुस्तक ठेवायचे आणि वाटेत चर्च, धर्मशाळा, चहा-कॉफीची दुकाने असतील तिथे त्यावर शिक्के घ्यायचे. या शेवटच्या टप्प्यात रोज निदान दोन शिक्के लागत. आम्ही सारिया गावापासून निघालो. तिथून सांतियागो सुमारे ११५ किलोमीटर.

मुलूख पाहून मला घरची आठवण झाली. पाऊस, हिरवे डोंगर, तुकड्या-तुकड्यांची शेते, दगडी बांध. घरोघरी दुभत्या गाई. मका साठवायला तिथे 'ओरेओ' नावाची कोठारे असतात. लांबट, अरुंद, दगडी खांबांवर उचललेली. भिंतींना फटी असतात, त्यातून वारा खेळतो आणि कणसे वाळतात. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर रुंद चपटा दगड बसवलेला असतो. उंदीर खांब चढतो, पण त्या दगडाखाली अडतो. औषध नाही, खर्च नाही. माझ्यातला विस्तार अधिकारी तिथे चांगला अर्धा तास रेंगाळला.

पहिल्या मुक्कामाचे गाव पोर्तोमारिन. ते मूळ गाव नव्हे, असे तिथे कळले. मिन्यो नदीवर बेलेसारचे धरण १९६३ साली झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. त्याआधी गावातले चर्च सोडवून, एकेका दगडावर आकडा घालून, वरच्या टेकडीवर पुन्हा उभारले. पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष अजून वर येतात. मुळशीच्या माणसाने हे ऐकावे आणि गप्प राहावे? आपल्या खोऱ्यातली गावे धरणात जाऊ नयेत म्हणून १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापटांनी तो चालवला. तरी गावे गेलीच. मुलीला मी ते सगळे सांगितले. त्या रात्री धर्मशाळेत झोप लवकर लागली नाही.

पुढे पालास दे रेई, मेलीदे, आर्सुआ. तिसऱ्या दिवशी पायाला फोड आले. एका परक्या बाईने आपल्या पिशवीतली पट्टी काढून लावून दिली. भाषा समजली नाही, पण वारीत दादांनी असे किती जणांचे पाय चोळले असतील, ते मनात आले.

सहाव्या दिवशी सांतियागोला पोचलो. चर्चजवळ यात्रेकरूंचे कार्यालय आहे. २०२४ या एका वर्षात तिथे पाच लाखांच्या आसपास यात्रेकरूंची नोंद झाली, तेव्हा रांगेची कल्पना करा. खिडकीवर शिक्के तपासले. मग विचारले, "कशासाठी चाललात? धर्मासाठी, मनाच्या शोधासाठी की नुसतेच हिंडायला?" नुसते हिंडायला आलेल्यांना निराळे पत्र मिळते. मी अडखळलो. मुलीला म्हटले, "यांना सांग, मी हिंदू आहे, वारकऱ्याच्या घरचा आहे. माझे भाऊ आता चालू शकत नाहीत, त्यांच्यासाठी चाललो." खिडकीवरच्या बाई थांबल्या. म्हणाल्या, मृत किंवा आजारी माणसासाठी कुणी चालले, तर पत्रावर तसे लिहायची सोय आहे. आणि त्यांनी लॅटिनमध्ये दोन शब्द लिहून पुढे दादांचे नाव घातले. अर्थ एवढाच, की 'यांच्या वतीने'. त्या पत्राचे पैसे पडत नाहीत.

मी मनात म्हटले, ही तर सावड!

पिरंगुटला आल्यावर तो कागद दादांपुढे धरला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि शिक्क्यांचे पुस्तक मागितले. डाव्या हाताने एकेक शिक्का चाचपत विचारू लागले. इथे काय पिकतं? इथे रात्री जेवायला कोण घालतं? सगळे ऐकून झाल्यावर जड जिभेने म्हणाले, "तुझी सावड चढली माझ्यावर. आता फेडू कशी?"

मला बोलवेना. शेवटी म्हणालो, "दादा, चढली नाही. माझ्याकडची थोडी फिटली."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग राहिलेली फेड. माझ्या वाटेनं."

२०२५ च्या आषाढी वारीसाठी सहकाऱ्याकडे काम सोपवले आणि दादांच्या दिंडीबरोबर आळंदीहून निघालो. सुमारे अडीचशे किलोमीटर. तिथे कुणी शिक्का मारला नाही, कागदही दिला नाही. मात्र दिंडीतली म्हातारी माणसे मला दादांच्या नावानेच ओळखत होती. आमची खाचरे शेजाऱ्यांनी लावली. परतल्यावर मी दादांच्या कपाळी बुक्का लावला आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या बांधावर गेलो. पंचावन्न उलटल्यावर चिखलात वाकणे सोपे नसते, वाचकहो, पण दिवस फेडायचे होते.

तुमच्याही घरी कुणी 'एकदा चल की संगं' म्हणत असेल, तर आषाढ मोकळा सापडायची वाट पाहू नका. तो सापडत नाही.